औषध आणि जाहिरात एकाच पुडीत

महिन्यातून एक बुधवार असा येतो, की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही छोट्या ऑफिसात शिरा, काउंटरमागून एकच वाक्य ऐकू येतं : "जरा थांबा, अपडेट चाललंय." यात योगायोग नाही. मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. 2003 सालापासूनचा हा परिपाठ आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा बडोद्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून त्यांचा मंगळवार आपल्याला बुधवारी भोवतो. सकाळी मशीन सुरू केलं की ते गुपचूप दुरुस्त्या उतरवून घेतं आणि ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी रीस्टार्ट मागतं. मग टक्के मोजत बसायचं. बत्तीसवर अडकलं की खाली जाऊन सेव-उसळ खाऊन यावं. परत येऊन बघावं तर पस्तीस.

मी कॉम्प्युटरचा माणूस नाही. तीसेक वर्षं हिशेब लिहिले, आधी वहीत आणि मग मशीनवर, आणि निवृत्त झालो. पण बटण दाबायला घाबरत नाही, एवढ्या भांडवलावर आमच्या सोसायटीत मी 'कॉम्प्युटरवाले काका' झालो आहे. घराघरांतून बोलावणं येतं. मुलं पुण्यात, बंगळुरात, नाहीतर कॅनडात. घरी दोन म्हातारी माणसं, एक लॅपटॉप आणि दोन फोन. बहुतेक ठिकाणी पडद्याच्या कोपऱ्यात नारिंगी ठिपका महिनोन्‌महिने लुकलुकत असतो. अपडेट तयार आहे, तुम्ही हो म्हणायचाच अवकाश, असा त्याचा अर्थ. आणि लोक हो म्हणत नाहीत.

यावरचं ठरलेलं निदान आपल्याला पाठ आहे : लोक अडाणी आहेत, आळशी आहेत, त्यांना सुरक्षेचं महत्त्व कळत नाही, तेव्हा जागृती करा. बँका मेसेज पाठवतात, पोलीस शिबिरं घेतात, मध्यंतरी तर फोन लावला की रिंगच्या आधी सावधगिरीचा संदेश ऐकावा लागायचा. मला हे निदानच चुकीचं वाटतं. मी ज्या घरांत जातो तिथली माणसं अडाणी नाहीत. कुणी शाळेत गणित शिकवलंय, कुणी कारखान्यात बॉयलर सांभाळलाय. मशीनला देखभाल लागते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ती अपडेट टाळतात कारण मागच्या अपडेटनं त्यांना काहीतरी शिकवलेलं असतं.

आमच्या समोरच्या मावशींची वही बघा. लेकीनं सुट्टीत येऊन शिकवलेलं सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलंय. 'डावीकडे खाली कोपऱ्यातलं बटण. मग वरून तिसरं चित्र. मग दोनदा टिचकी.' लाइट बिल कसं भरायचं, नातवाचे फोटो कुठे साठवायचे, भिशीचा हिशेब कुठल्या नावानं ठेवलाय. दहा-बारा पानांची ती वही म्हणजे त्यांचं सगळं कॉम्प्युटरशास्त्र. एका मोठ्या अपडेटनं कोपऱ्यातलं बटण मध्ये सरकवलं, तिसरं चित्र पाचवं केलं, आणि वही रद्दीत गेली. कुणाला तरी ते बटण मध्ये सुंदर दिसलं असेल. मावशींना मात्र लेक पुन्हा येईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, लाइट बिल भरायला नाक्यावर जावं लागलं. तेव्हापासून त्या 'रिमाइंड मी लेटर'वर बोट ठेवतात. याला मी अज्ञान म्हणायला तयार नाही.

रावपुऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलात तर तो हीच गोष्ट धंद्याच्या भाषेत सांगेल. मशीन फॉरमॅट मारून, विंडोज टाकून परत देताना तो आपणहून विचारतो, "काका, अपडेट बंद करी दउं? पछी कोई टेन्शन नहीं." हे तो सेवा म्हणून देतो, वर पैसे घेत नाही. कारण त्याचंही गणित सरळ आहे. अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला तर गिऱ्हाईक त्याच्याच दुकानात येऊन भांडतं. अपडेट न केल्यामुळे चोर घुसला, तर त्याचा संबंध कुणी त्याच्या दुकानाशी जोडत नाही. दोन तोट्यांपैकी कुठला आपल्या दारात येतो हे त्याला ठाऊक आहे.

तरीही अपडेट बंद करणं धोक्याचं आहे, हे मी त्याच्याशी भांडून सांगतो. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक भोक बुजवणारी दुरुस्ती दिली. दोन महिने होत आले असताना, 12 मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भोकातून दीडशेच्या वर देशांत शिरला. फाइली कुलूपबंद झाल्या, किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागितले गेले, ब्रिटनमध्ये सरकारी दवाखान्यांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. औषध दोन महिने कपाटात पडून होतं. आणखी एक गोष्ट लोकांना सहसा सांगितली जात नाही. दुरुस्ती बाहेर पडली की धोका कमी होत नाही, ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्यासाठी तो वाढतो. चोर जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून बघतात, कुठे काय बदललं ते हेरतात, आणि भोक कुठे होतं ते त्यांना आयतं कळतं. कुलूपवाल्यानं गावभर दवंडी पिटावी की अमुक क्रमांकाची कुलपं हेअरपिननं उघडतात, बदलून घ्या, तशातली गत. ज्याच्या कानावर दवंडी गेली नाही त्याचं घर त्या रात्रीपासून जास्त उघडं.

म्हणजे दुरुस्ती घ्यायलाच हवी. मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? तक्रार पुडीबद्दल आहे. ज्या पुडीत औषध येतं त्याच पुडीत दुकानाची जाहिरातही येते, आणि सुटी मिळत नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती घ्यायची तर शेवटी सरकवलेलं बटणही घ्यावं लागतं, न मागितलेलं ॲपही, शोधपट्टीत घुसलेल्या बातम्याही, आणि 'चला, तुमची मांडणी पूर्ण करू या' असं म्हणत अख्खा पडदा अडवून बसणारा प्रश्नही. एप्रिल 2024 मध्ये विंडोज 11च्या स्टार्ट मेनूत, 'शिफारस' या सोज्वळ नावाखाली, ॲपच्या जाहिराती दिसू लागल्या. त्या सेटिंगमधून बंद करता येतात हे खरं. पण बंद करायचं काम आपलं, सुरू करायचं त्यांचं. आलेल्या पुडीतलं किती आपल्या भल्याचं आणि किती पाठवणाऱ्याच्या, हे ओळखायचं साधन सामान्य माणसापाशी नाही. मग तो शहाणपणानं सगळीच पुडी बाजूला ठेवतो.

हा संशय म्हणजे म्हाताऱ्यांचा भ्रम, असं वाटत असेल तर ॲपलची गोष्ट आठवा. 'नवा फोन बाजारात आला की जुना मुद्दाम हळू करतात' असं लोक वर्षानुवर्षं म्हणत होते आणि जाणकार त्यांना हसत होते. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलनं मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग एका अपडेटनं कमी केला जात होता. कारण फोन अचानक बंद पडू नये हे होतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते पटण्यासारखंही होतं. पण ग्राहकाला धड सांगितलं नव्हतं. फ्रान्सनं त्याबद्दल 2020 मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. कट्ट्यावर जे बोललं जात होतं ते पूर्ण खरं नव्हतं, तरी पूर्ण खोटंही नव्हतं. एकदा असं झालं की पुढच्या दहा अपडेटांवरचा विश्वास उडतो, आणि तो शिबिरं घेऊन परत येत नाही.

19 जुलै 2024 तर ताजाच आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षेचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर एकाच दिवशी आडवे केले. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या संध्याकाळी दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. बोलायची गरज नव्हती.

आता विंडोज 10ची गोष्ट, कारण सध्या घराघरांतून बोलावणं येतं ते मुख्यतः त्यासाठी. जुलै 2015 मध्ये आलेल्या या आवृत्तीच्या मोफत दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. दहा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत, हे मी मान्य करतो. पण विंडोज 11ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे 2016 साली कुणी चांगले पैसे मोजून घेतलेला, आजही टकाटक चालणारा कॉम्प्युटर त्या दारातून आत जाऊ शकत नाही. त्याच्या मालकाला दहा वर्षं मिळाली नाहीत, नऊच मिळाली. आणि ज्यानं तसलंच मशीन उरलेला माल म्हणून 2018 साली स्वस्तात घेतलं, त्याला सातच. घेताना त्याला हे कुणी सांगितलं होतं? दुकानदारालाही माहीत नव्हतं. पुढे आणखी एक वर्ष, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, दुरुस्त्या हव्या असतील तर तीन वाटा ठेवल्या : तीस डॉलर भरा, नाहीतर कंपनीच्या बक्षीस योजनेतले हजार गुण द्या, नाहीतर आपली सेटिंग कंपनीच्या ढगात (क्लाउडमध्ये) साठवायला मंजुरी द्या. तिन्ही वाटांना कंपनीचं खातं लागतंच. युरोपात मात्र ग्राहक संघटनेनं आवाज उठवल्यावर तिथल्या लोकांसाठी पैसे आणि साठवणुकीची अट दोन्ही काढून टाकली गेली. खात्यात अधूनमधून लॉगिन केलं की पुरे. भोक तेच, ते बुजवणारी दुरुस्तीही तीच. फक्त भांडायला कुणी उभं होतं की नाही एवढाच फरक.

खातं. या शब्दापाशी थोडा थांबतो, कारण अपडेटचा त्रास वेळ खातो, पण लॉगिनचा त्रास माणसाचं काय काय खाऊ शकतो ते मी गेल्या वर्षी पाहिलं.

बाजवाड्यातले एक ओळखीचे काका आपल्या घराण्याचा कुळवृत्तांत लिहीत होते. गायकवाडांबरोबर बडोद्यात आलेल्या घरांपैकी त्यांचं घर. कुठली शाखा डभोईला गेली, कुठली नवसारीला, कोण दत्तक गेलं, कुणाच्या घरी अजून साताऱ्याकडचा कुलाचार पाळतात. चार वर्षांचं काम, सगळं एका लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप दुकानातून आणला तेव्हा तो सुरू करून द्यायचं काम दुकानातल्या मुलानं केलं. सुरू होताना मशीन खातं मागतं. काकांना ई-मेल पत्ता आठवेना, रांग वाढत होती; मुलानं तिथल्या तिथे एक नवा पत्ता बनवला, त्याला आपल्या दुकानाचा फोन नंबर जोडला, चार आकडी पिन काकांकडून टाकून घेतला आणि 'थई गयुं' म्हणून लॅपटॉप हातात दिला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण आजकालच्या नव्या मशीनमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि त्या कुलपाची 48 आकडी किल्ली जाऊन बसते त्या खात्यात. काकांना ना कुलूप लागल्याचं माहीत, ना किल्ली असल्याचं. दोन वर्षांनी एका अपडेटनंतर पडद्यानं किल्ली मागितली. पत्ता कुणाला ठाऊक नाही, मुलगा नोकरी सोडून गेलेला, दुकानानं नंबर बदललेला. मी हेल्पलाइनवर तीन दिवस घालवले. पलीकडचा माणूस नम्रपणे विचारत राहिला, की खातं तुमचंच आहे याचा पुरावा द्या. पुरावा लॅपटॉपच्या आत होता.

ही चोरी नव्हती हे लक्षात घ्या. व्यवस्था नीट चालली. कुलूप पक्कं होतं, चोराला काही मिळालं नाही, मालकालाही नाही. सुरक्षेची ही कल्पना कुणासाठी आखलेली आहे? ज्याचा स्वतःचा ई-मेल आहे, स्वतःचा फोन आहे, जो दोन्ही दहा वर्षं बदलत नाही आणि मशीन सुरू करताना इंग्रजीत आलेलं प्रत्येक पान वाचतो, अशा एकट्या माणसासाठी. आमच्याकडे एक फोन नवरा-बायकोत, सिमकार्ड मुलाच्या नावावर, ई-मेल भाच्यानं काढून दिलेला आणि पासवर्ड देवघरातल्या पंचांगात. हे आमचं मागासलेपण म्हणून कुणी नाक मुरडू नये. घर असंच चालतं. आणि पंचांगातल्या पासवर्डला तर मी पूर्ण पाठिंबा देतो. हजारो मैलांवर बसलेला चोर बाजवाड्यातलं देवघर उघडू शकत नाही.

पासवर्डच्या बाबतीत तर चूक अधिकृतपणे कबूल झालेली आहे. दर तीन महिन्यांनी बदला, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला, हा जाच ज्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेतून जगभर पसरला ती 2003 सालची. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी 2017 मध्ये, निवृत्तीनंतर, आपल्याला त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं. त्याच वर्षी ती मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेनं, म्हणजे अमेरिकेच्या एनआयएसटीनं, ठराविक काळानं पासवर्ड बदलायला लावू नका असा सल्ला दिला. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनंही आपल्या शिफारशींतून मुदतीची अट काढली. कारण माणसाचा स्वभाव. बदलायची सक्ती केली की तो 'गणपती1'चं 'गणपती2' करतो. पण माझ्या पेन्शनशी संबंधित एक पोर्टल अजून दर काही महिन्यांनी मला दारातच अडवतं. मी सध्या गणपती सतरावर आहे. (नव्हे, खरा पासवर्ड तो नाही.)

आणि ओटीपी. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य आता शुभंकरोतीइतकं पाठ झालंय. पण दिवसभरात काय होतं ते मोजा. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात कोड मागतो, तो सांगावा लागतो. कुरिअरवाला मागतो. रिक्षा ॲपवरून बोलावली तर चालकाला आकडे सांगितल्याशिवाय रिक्षा हलत नाही. टोरांटोतला मुलगा आईच्या खात्याचं काहीतरी करतो तेव्हा व्हॉट्सॲप कॉलवर आई चष्मा शोधत आकडे वाचून दाखवते, आणि तिच्या हिशेबी ते मुलाला सांगणं आहे, 'कुणालाही' सांगणं नाही. आकडा आला की समोरच्याला वाचून दाखवायचा, ही सवय आपणच दहा वर्षं त्यांना लावली. मग एके दिवशी फोनवरचा गोड बोलणारा माणूस आकडा मागतो, आणि सांगितल्यावर आपण म्हणतो, इतकं साधं कसं कळलं नाही?

हा प्रश्न नुसता टोमणा नाही, त्याला कायदेशीर किंमत आहे. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक चांगलं होतं. त्यातला नियम असा : फसवणुकीत ना बँकेचा दोष ना ग्राहकाचा, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काही बोजा नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, उदाहरणार्थ त्यानं आपली गुप्त माहिती कुणाला दिली, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. त्यामुळे भांडण येऊन ठेपतं ते 'निष्काळजीपणा' या एका शब्दावर. सत्तरीच्या बाईंनी आकडे वाचून दाखवले, हा निष्काळजीपणा. ज्यांनी फोनवर येणाऱ्या आकड्यांवर अख्ख्या देशाचे पैसे टांगले, त्यांच्या कृतीला मात्र असा शब्द नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2025 च्या निर्देशांत एसएमएसच्या ओटीपीपलीकडच्या पर्यायांना वाट मोकळी केली, ते बरंच झालं. पण नवे पर्यायसुद्धा फोनलाच टांगलेले असणार, आणि फोन ही बडोद्यात बुडणारी वस्तू आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरच्यांचा फोन टीव्हीखालच्या कपाटासकट पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर विम्याचा अर्ज भरायला बसले, तर अर्जासाठी लॉगिन, लॉगिनसाठी ओटीपी, ओटीपीसाठी तो फोन. पासवर्डची डायरीही त्याच कपाटात होती. म्हणजे मघाशी पंचांगाला पाठिंबा देताना मी पंचांग वरच्या फळीवर ठेवा हे सांगायला विसरलो.

आमच्या शहरात सयाजीरावांचं नाव कुठल्याही वादात काढायची वाईट खोड आहे आणि मीही तिला अपवाद नाही. त्यांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. पण शिक्षण सक्तीचं होतं तसं मोफतही होतं. 1910 मध्ये त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकी ग्रंथपाल बोलावला, आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. वाचता आलंच पाहिजे असा हुकूम काढणाऱ्यानं पुस्तक पोचवायची जबाबदारीही घेतली होती. आज आपल्यावर लॉगिनची सक्ती आहे. पेन्शन, गॅस, रेल्वेचं तिकीट, सातबारा, दवाखान्याची वेळ, सगळ्याला. हयातीचा दाखलासुद्धा नोव्हेंबर 2014 पासून डिजिटल मिळतो. सोय चांगली आहे, पण भांडी घासून आणि वयानं रेषा झिजलेला अंगठा मशीन ओळखत नाही तेव्हा जिवंत माणूस मशीनपुढे जिवंत असल्याचं पटवत बसतो. सक्ती पुरी आली. पेटी आली नाही.

मग करायचं काय, असं आमच्या बैठकीत मला नेहमी विचारतात, आणि कुणीतरी हटकून म्हणतं की विंडोज काढून फुकट मिळणारं लिनक्स टाका. टाका ना. माझ्या स्वतःच्या मशीनवर आहे, आणि जुन्या कॉम्प्युटरला त्यानं खरंच नवा जन्म मिळतो. पण मावशींची वही पुन्हा कोण लिहून देणार? दुसरं कुणी म्हणतं, पासकी येतेय, म्हणजे पासवर्डऐवजी फोन उघडतो तसं बोटानं किंवा चेहऱ्यानं लॉगिन, पासवर्डच जाणार. पासकी खरोखर चांगली आहे, खोट्या वेबसाइटला ती फसत नाही. पण फोन हरवला तर काय, याचं उत्तर प्रत्येक कंपनीकडे वेगळं आहे, आणि ते विचारायला माणूस समोर नाही.

मला हवंय ते याहून साधं आहे, आणि युरोपनं ते कायद्यात लिहूनही टाकलंय. तिथला सायबर रिझिलियन्स ॲक्ट 10 डिसेंबर 2024 रोजी लागू झाला; मुख्य बंधनं 11 डिसेंबर 2027 पासून. त्यात एक कलम असं, की तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या सोयींपासून वेगळ्या द्यायच्या. वेगळी पुडी! त्या मोफत द्यायच्या, सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं. आणि दुरुस्त्या कुठल्या महिन्यापर्यंत, कुठल्या सालापर्यंत मिळतील हे विकतानाच सांगायचं. ब्रिटननं 29 एप्रिल 2024 पासून फोन, कॅमेरे, वायफायचे डबे यांच्यासाठी किमान मुदत जाहीर करणं बंधनकारक केलंय. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारं एक अख्खं प्रकरण आहे. पंख्यातून शॉक बसला तर पंखेवाला जबाबदार, हे आपल्याला पटतं. फोनमध्ये भोक राहिलं आणि तीन वर्षांनी बुजवणं बंद केलं, तर तेही त्याच प्रकरणात का बसू नये, हे कुणीतरी ग्राहक आयोगापुढे नेऊन विचारायला हवं. युरोपात विचारलं गेलं म्हणून मिळालं.

आणि एक माणूस हवा. पोर्टल नको, माणूस. सयाजीरावांच्या काळापासूनची वाचनालयं या शहरात अजून आहेत, दुपारी बहुतेक टेबलं रिकामी असतात. आठवड्यातून दोन दुपारी तिथे सरकारनं नेमलेलं, ओळखपत्र लावलेलं कुणी बसावं, ज्याला पडदा दाखवून विचारता येईल, 'हे खरं आहे का?' काकांच्या खात्यासारखं प्रकरण आधार आणि बिल बघून ज्याला पुढे कळवता येईल. बँका आणि कंपन्यांनी त्याचा खर्च उचलावा. सक्तीचा फायदा त्यांनाच होतोय, शाखेतल्या खिडक्या त्यांच्याच कमी झाल्या. आज हे काम रावपुऱ्यातला दुरुस्तीवाला आणि माझ्यासारखे हौशी काका करतात. आमच्यावर कुणाची देखरेख नाही, आणि आम्ही चुकलो तर 48 आकडे कायमचे जातात.

काकांचा कुळवृत्तांत गेला. पहिल्या सव्वाशे पानांची जुनी छापील प्रत त्यांच्या पुण्याच्या चुलतभावाकडे निघाली, तिच्यावरून ते परत टाइप करतायत. दर रविवारी प्रिंट काढतात.

मागच्या महिन्यात बायकोसाठी फोन घ्यायला गेलो. दुकानातल्या मुलानं कॅमेरा दाखवला, बॅटरी सांगितली, हप्ते सांगितले. मी विचारलं, याला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत येतील?

"वॉरंटी एक वर्ष, काका."

"वॉरंटी नव्हे. अपडेट. कुठल्या सालापर्यंत?"

"बे वरसमां तो तमे ज नवो लई लेशो," दोन वर्षांत तुम्हीच नवा घ्याल, असं तो हसून म्हणाला. पण मी हललो नाही तेव्हा त्यानं खोका हातात घेतला आणि वाचायला लागला. किंमत, आयात केल्याचा महिना, आयातदाराचा पत्ता, तक्रारीसाठी नंबर, आत किती नग. कायद्यानं जे छापायला सांगितलंय ते सगळं होतं. त्यानं खोका उलटा केला, कडांवर बघितलं, तळाशी बघितलं, मालकाला हाक मारली. मालकानंही चष्मा लावून सहाही बाजू बघितल्या.

"आमां तो नथी लख्युं," तो म्हणाला, आणि खोका परत फळीवर ठेवला.